टिटवी उठत नाही

यंदा तळं पुन्हा लवकर आटलंय. होळी व्हायच्या आधीच बांधाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या आणि पलीकडच्या काठाला चिखलाचा रुंद पट्टा दिसायला लागला. कडेनं वाळून भेगाळलेला, मधे मऊ, पाण्याजवळ आरशासारखा चकाकणारा. बसच्या दारातून मला तो रोज दिसतो. मी कंडक्टर आहे, भालकी-हुमनाबादच्या बाजूला माझी ड्यूटी असते, आणि आमची गाडी या तळ्याच्या बांधावरूनच जाते. गरम वाऱ्यानं सगळे खिडक्या लावून घेतात. मी माझी उघडी ठेवते.

आमच्याकडचा वसंत कुणाचे लाड करत नाही. बीदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यात फाल्गुन लागला की हवा आधी कोरडी होते, मग धारदार. ज्वारी निघून गेलेली असते, वावरात नुसती धसकटं. आणि नेमका याच वेळी तळ्यामागच्या रानात पळस फुलतो. अंगावर पान नाही, मुळाशी ओल नाही, आणि हा बाबा लालभडक होऊन उभा. लहानपणी मला वाटायचं, याला कुणीतरी ‘आता तुझं काही खरं न्हाई’ असं म्हटलं असणार आणि त्या रागानंच हा फुलत असणार. पन्नाशी ओलांडली तरी मला अजून तसंच वाटतं.

पाखरांची ओळख मला गाडीनंच करून दिली. सकाळच्या पहिल्या फेरीला बांधावर आलं की हिवाळ्यात पाण्यावर बदकांचे नि हंसांचे थवे दिसायचे. उतारूंना तिकिटं देता देता मी मान वळवून बघायची. एकदा हैदराबादला लग्नाला गेले, तिथून दुर्बीण घेऊन आले. घरी हसले. गावात तर चर्चाच झाली. “सुमित्राच्या गळ्यात आधी तिकिटाची पिशवी होती, आता हे काय लोंबायलंय?” पारावर बसलेल्या एकानं विचारलं, “काय बघतीस गं एवढं?” मी दुर्बीण त्याच्याकडं फिरवली आणि म्हटलं, “तुमच्या तोंडातला घास दिसतोय, मामा.” त्यानंतर कुणी विचारलं नाही.

माझ्याबरोबर फिरायला नसीमआपा असतात. त्यांची पिठाची गिरणी आहे. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं, आणि नुसतं चालायला त्यांना लाज वाटायची. “खाली-पिली कैकू चलना जी? लोगां बोलेंगे, गिरणीवाली पागल हो गई.” मग माझ्या पाखरांचा त्यांना आधार झाला. सुट्टीच्या दिवशी आम्ही बांधावरून निघायचो, बाभळीतून खाली उतरायचो, चिखलाच्या कडेकडेनं लाल पायांच्या शेकाट्या बघत पलीकडं जायचो, आणि तिथून रानात. रानात लिंबाला मोहर आलेला असायचा. त्याचा कडुगोड वास आणि तांबटाची एकसारखी टुकटुक, जणू लांब कुठंतरी कुणी भांड्याला ठोके घालतंय. हळद्या एका झाडातून दुसऱ्या झाडात जाताना नुसती पिवळी रेघ ओढून जायचा. पावशा ओरडायला लागला की मी म्हणायची, “ऐका आपा, ‘पेरते व्हा’ म्हणायलाय.” त्या थांबून कान द्यायच्या. “नक्को गे. मेरेकू तो ‘चाय देते क्या’ सुनता.” तेव्हापासून मलाही तसंच ऐकू येतं. त्या पाखराचं वजन माझ्यापुरतं गेलं ते गेलंच.

या तळ्याशी माझं नातं मात्र पाखरांच्या आधीचं आहे. माझी आई लहान होती तेव्हा आमच्या लोकांना मधल्या पायऱ्यांवरून पाणी भरता येत नव्हतं. आमची जागा बांधाच्या खालच्या टोकाला, जिथं जनावरं उतरायची. आई हे रडत सांगायची नाही. भाकरी थापता थापता सांगायची. “मग एक दिवस आम्ही बाया घागरी घेऊन मधूनच उतरलाव. सगळे बघत बसले. बघून बघून काय करणार?” आणि भाकरीवर पाणी फिरवायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मधल्या पायऱ्यांवर आता सगळ्या जातीचं धुणं पडतं आणि पोरांना यातलं काही ठाऊकही नाही. मला ठाऊक आहे. तळ्यावर ‘इथं येऊ नको’ असं मला कुणी म्हटलं की माझे पाय आपोआप जड होतात, हलत नाहीत.

तीन वर्षांमागं असंच तळं लवकर आटलं होतं. चैत्र लागलेला होता. आमच्या वस्तीत जयंतीच्या निळ्या पताका लागायला सुरुवात झाली होती. सकाळी आम्ही दोघी चिखलाच्या कडेनं चाललो होतो आणि एक टिटवी डोक्यावर येऊन अशी कडाडली की नसीमआपांनी पदर डोक्यावर घट्ट धरला. ती वर जाई, वळे, पुन्हा अंगावर येई. “क्या की गे, मैं क्या करी इसकू?” आपा म्हणाल्या आणि बाजूला पाऊल टाकणार, तोच मी त्यांचा दंड धरला. त्यांच्या चपलेपासून हातभर अंतरावर अंडी होती. घरटं असं काही नाही. वाळक्या चिखलात जरासा खळगा, चार खडे, आणि त्यात मातीच्याच रंगाची, काळे ठिपके पडलेली अंडी, टोकं आत करून ठेवलेली. आपा खाली वाकल्या. मग एवढंच म्हणाल्या, “जमीन पे-च रख दी, माँ. कुछ बी नै, एक काडी बी नै.”

त्यानंतर आम्ही पाऊल मोजून टाकायला लागलो, तसतसा तो पट्टाच बदलला. जिथं नुसता चिखल दिसत होता तिथं बाळंतिणींची आळी निघाली. टिटव्या होत्या, शेकाट्या होत्या, आणि चिखल्या, गळ्यात काळी पट्टी असलेले इवलेसे, धावता धावता एकदम थांबणारे. आम्ही लांबूनच दुर्बिणीतून बघायचो. नर-मादी पाळी बदलून अंड्यांवर बसायचे. दुपारी ऊन मी म्हणायला लागलं की टिटवी पाण्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या अंगानं अंड्यांवर बसायची. लोक टिटवीला अपशकुनी म्हणतात. ती ओरडली की माणूस मरतो म्हणे. तिच्यासारखं आईपण मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मग एका संध्याकाळी त्या पट्ट्यावर चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ दिसली. टिटव्यांच्या आळीच्या बरोबर मधून गेलेली.

रेघ कुणी मारली ते विचारायला मला लांब जावं लागलं नाही. माझा थोरला भाऊ माधवदादा तळ्याच्या कमिटीवर होता. तळ्यातला गाळ काढून वावरात टाकायचं ठरलं होतं, मशीन येणार होती, आणि ज्यांची जमीन हलकी त्यांना आधी गाळ मिळणार होता. दादाचं वावर माळावर आहे. लाल मुरूम, नांगर लावला की ठिणग्या उडाव्यात असा. आमच्या सगळ्यांचीच वावरं तिथं आहेत, आणि ती तिथं कशी गेली हे सांगायला नको. खालची काळी जमीन ज्यांची, गाळही वर्षानुवर्षं तेच उचलत आले. या वर्षी दादानं कमिटीत भांडून भांडून आमच्या माळाचा नंबर पहिला लावून घेतला होता.

मी घरी गेले तेव्हा तो बैलांना पाणी दाखवत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणानं ऐकलं, बादली खाली ठेवली.

“आता काय म्हणायलीस? मशीन माघारी पाठवू?”

“माघारी नको रे दादा. पाणी सुटतंय त्या मोरीकडून काढा. तिकडं बी गाळ हाय.”

“तिकडं ओला हाय. टिप्पर रुतंल. आन रस्ता ह्याच अंगानं हाय.”

“मग दोन-तीन आठवडं थांबा. तवर पिल्लं निघतेत.”

“तवर वळवाचा पाऊस आला म्हंजे? मशीन दुसऱ्या गावाला गेली म्हंजे?” त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तो खाली गेला की मला भीती वाटते. “सुमे, बापाचं आयुष्य गेलं त्या मुरमावर. पहिल्यांदा आपला नंबर पहिला लागलाय. पहिल्यांदा. आन आडवं कोण यायलंय, तर माझी बहीण. कामून? टिटवीसाठी?”

त्याचं म्हणणं खोटं असतं तर किती बरं झालं असतं. वहिनींनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. मी उठले. दारात आल्यावर एवढंच म्हटलं, “दादा, तुझा नंबर मी कुणाला खाऊ देणार न्हाई. पर त्या रेघेवर मी उभी राहणार.”

“ऱ्हा,” तो म्हणाला. “मशीन काय तुझी बस हाय, हात केला की थांबायला?”

रात्रभर मी ते वाक्य उलटंपालटं करत राहिले. ज्यांची दुनियेत कुठं नोंद नाही त्यांच्यासाठी आपल्याच माणसांच्या ताटातलं काढून घ्यायचं, हा कुठला न्याय? बरं, आणि आपलं पोट भरायचं म्हणून जो आपल्याहून लहान त्याचं घर नांगरायचं, हा तरी कुठला? आमच्यावर ज्यांनी राज्य केलं त्यांनीही हेच म्हटलं असणार की आमचीही गरज आहे. आपण वर सरकताना खाली कोण आहे ते बघायचंच नाही, असं जर मी शिकले तर आईच्या घागरीला काय तोंड दाखवू? दादाची गरज खरी होती. म्हणूनच मला दुसऱ्या कुणाला नाही, त्यालाच अडवायचं होतं. परक्याला कुणीही अडवतं.

मी डेपोत रजा सांगितली. आपांनी गिरणीला कुलूप घातलं आणि छत्री घेतली. मशीन आली तेव्हा ऊन नुकतं पिवळं होत होतं. बांधावरून खाली उतरून ती पट्ट्याकडं वळली, तिचा पिवळा सोंडेसारखा हात वर धरलेला. सगळ्या टिटव्या एकदम उठल्या. त्या ओरडण्यानं कान बधिर झाले. मी फक्कीच्या रेघेवर जाऊन उभी राहिले आणि पर्समधली कंडक्टरची शिट्टी काढून जोरात वाजवली. एक लांब. गाडी थांबवायची.

आणि खरंच, थांबली. तीस वर्षांची सवय आहे माझ्या शिट्टीला. चालवणारा औरादकडचा, तेलुगू बोलणारा, माझ्याच वयाचा माणूस. वरूनच म्हणाला, “अम्मा, बाजूला व्हा. मला रेघ दाखवली, मी रेघेनं जाणार.”

“खाली उतरून बघा एकदा. मग जावा.”

तो नाखुशीनंच उतरला. मी अंडी दाखवली. एक, पलीकडं दुसरं घर, त्याच्या पलीकडं तिसरं. तो चवड्यावर बसला, बराच वेळ बसला. मग वर चढून त्यानं इंजिन बंद केलं. “वर बसल्यावर हे दिसतच न्हाई अम्मा,” असं म्हणून विडी पेटवली आणि तळ्याकडं पाठ करून बसला. तुमचं तुम्ही मिटवा, असा त्याचा अर्थ.

तोवर माणसं जमली. दादा आला. पंचायतीचे मेंबर आले, स्कूटरवरून न उतरताच बोलायला लागले. “काय तमाशा लावलाय सुमित्राबाई? गावाचं काम हाय हे. पाखरांना काय मत हाय का?”

“मला हाय,” मी म्हटलं. “आन ते तुम्हाला कधीच पडलेलं न्हाई.”

लोक हसले. मेंबर हसले नाहीत. ते दादाकडं वळून म्हणाले, “बघा माधवराव. तुमच्या माळाचा नंबर लावला, तर तुमच्याच घरच्यांना नको झालाय. मग आता आमच्याकडं खालच्या अंगाला जाऊ द्या मशीन. तुमचं बघू पुढल्या साली.”

हेच होणार होतं. माझ्या टिटव्या वाचणार आणि दादाचा गाळ पुन्हा काळ्या जमिनीत जाणार. नसीमआपा छत्री मिटवून पुढं झाल्या. “ऐसा कैसा मेंबरसाब? नंबर उनका है, उनकाच रैंगा. ये लड़की जगा बदलो बोलरी, नंबर छोड़ो कब बोली?” दादा माझ्याकडं बघत होता. त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. मग तो मशीनवाल्याकडं गेला आणि म्हणाला, “चला. मोरीकडं चला.”

पहिला टिप्पर रुतला. अख्खं गाव बांधावर उभं राहून हसत होतं. दादानं धोतर खोचलं, बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली घातल्या, आणि दुपारपर्यंत टिप्पर बाहेर काढला. मग दुसरा कोरडा माग शोधला. खेपा कमी झाल्या, पाहिजे होत्या त्याच्या अर्ध्याही नाही. पण मोरीकडचा गाळ काळाकुट्ट, लोण्यासारखा, वर्षानुवर्षं न हललेला. तो दादाच्या मुरमावर ढीग ढीग पडला.

दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला. मी रविवारी सकाळी तळ्यावर जाण्याऐवजी त्याच्या वावरात गेले, टोपलं घेतलं आणि गाळ पसरायला लागले. तो एका टोकाला, मी एका टोकाला. वहिनी मधे. जयंतीच्या दिवशी मिरवणुकीत आम्ही शेजारी चाललो, बोललो नाही. पुढच्या रविवारी पुन्हा टोपलं. त्या दिवशी दुपारी तो पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापाशी आला, माझे हात बघितले आणि म्हणाला, “फोड आलेत की गं. तिकिटं कशी फाडशील?” मी म्हटलं, “आता मशीन हाय तिकिटाला.” एवढंच. पण त्यानंतर दुपारची भाकरी आम्ही एका सावलीत खाल्ली.

आणि मग गारा आल्या. चैत्र सरता सरता, भर दुपारी अंधारून आलं, पंधरा मिनिटं आभाळानं दगड मारावेत तशा. लिंबाएवढ्या. आंब्याच्या कैऱ्यांचा सडा पडला, पत्र्यांना भोकं पडली. गारा थांबल्या तशी मी छत्रीबित्री न घेता तळ्याकडं निघाले. पारावरचा एक जण ओरडला, “झालं का समाधान? माणसाला अडवलंस, आता आभाळाला अडीव!” मी वळून म्हटलं, “आभाळाचं आभाळ बघंल. माझ्या वाट्याला मशीन आली होती.” ते उत्तर मी फार विचार करून दिलेलं नव्हतं. पण अजूनही मला त्याच्यात काही चूक सापडलेली नाही.

बांधावर दादा आधीच उभा होता. मला न सांगता आलेला, डोक्यावर पोतं घेऊन. आम्ही दोघं खाली उतरलो. पट्टा पांढरा झाला होता. शेकाट्यांची अंडी फुटली होती. चिखल्यांचा पत्ता नव्हता. एका खळग्यात नुसतं पिवळं पाणी. दादा पुढं गेला आणि हातानं मला थांबायची खूण केली.

टिटवी बसलेली होती. चारी बाजूंनी गारा, पाठीवरची पिसं विस्कटलेली, एक डोळा सुजून बंद. आम्ही एवढ्या जवळ आलो तरी ती उठली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या डोळ्यानं आमच्याकडं बघत राहिली. आम्ही मागं मागं सरकलो. बांधावर आल्यावर दादा पोतं पिळत म्हणाला, “तिला कुणी सांगितलं न्हाई वाटतं, उठून जा म्हणून.”

पुढच्या आठवड्यात तिची पिल्लं निघाली. सगळी नाही, पण निघाली. कापसाच्या बोंडाला काड्या लावाव्यात तशी, जन्मल्या जन्मल्या धावणारी. आणखी दोन टिटव्यांचीही निघाली. बाकीचा पट्टा रिकामाच राहिला. मी हे जिंकले असं कुणाला सांगत नाही. त्या वर्षी दादाची तूर बरी आली, त्याच्या एका कोपऱ्यात तर खांद्याला लागली. पण गाळ अर्ध्याच वावराला पुरला होता, उरलेल्या अर्ध्यात तूर गुडघ्याएवढीच.

मधली दोन वर्षं पाऊस भरपूर झाला, चैत्रातही तळं भरलेलं असायचं, पट्टा उघडाच पडला नाही. कुणाला काही ठरवावं लागलं नाही. यंदा पडलाय. काल मी आणि नसीमआपा जाऊन आलो. रानात पळस पेटलाय, हळद्या आलाय, आणि चिखलात टिटव्या जागा धरायला लागल्यात. पलीकडच्या काठाला पुन्हा फक्की पडलीय. परवा कमिटीची बैठक झाली. तिथं दादा उभा राहिला आणि म्हणाला, ह्या अंगाचा गाळ वैशाख सरल्यावर काढा, तवर मोरीकडून काढा, मग माझा नंबर शेवटी लावा म्हणलं तरी चालंल. त्याचं कुणी ऐकलं नाही. मशीन येणार, याच अंगानं येणार, असं ठरलं.

मी रजा सांगून ठेवली आहे. आपांनी विचारलं, “डब्बे में क्या लाऊं? दिनभर बैठना पड़ेंगा.” मी म्हटलं, भाकरी आणि तुमचं कैरीचं लोणचं. संध्याकाळी दादाकडं गेले तर तो बैलगाडीच्या आसाला तेल देत होता. एवढ्या संध्याकाळी कुठं निघालास, विचारलं.

“कुठं न्हाई,” तो म्हणाला. “मशीन यायच्या आधी गाडी बांधाच्या उतारावर आडवी सोडणार हाय. बैल सोडून घेऊन येतो घरी. बघू कोण उचलतंय.”